तेर्साच्या वेळची कळ

मेल्विनाच्या पोटात रविवारी संध्याकाळी, तेर्स, म्हणजे घरातली सामूहिक जपमाळ, सुरू असताना कळ येत असे. सोमवारी तीच माणसे त्याच खोलीत गुडघे टेकून तीच जपमाळ म्हणत; तेव्हा येत नसे. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात, ज्याला आमच्याकडे कोरेज्म म्हणतात, ती रविवारीही येत नसे.

मेल्विना माझ्या पुतण्याची, ॲल्स्टनची, बायको. ॲल्स्टन मालवाहू जहाजावर आहे. वर्षातले बरेच महिने तो फोनवरच्या आवाजापुरता घरी असतो. मेल्विना मालवणात प्राथमिक शाळेत शिकवते. घरात तिची सासू एस्पेरान्स, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची विधवा, आणि सहा वर्षांची रिया. माझे घर त्यांच्या माडांच्या पलीकडे. औषध कंपनीच्या तपासणी प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यावर मी इथे राहायला आलो; धाकटे मला तियू, म्हणजे काका, म्हणतात. तेर्साला मी बसत नाही. घरच्यांनी ते स्वीकारले आहे आणि माझ्या वाटणीचे गुडघे एस्पेरान्स टेकते.

कळेचे स्वरूप असे. आधी तळहातांना खाज सुटे. मग बेंबीच्या वर पिळवटून येई, उलट्या होत, पाठोपाठ जुलाब. रात्री उशिरापर्यंत सारे ओसरे आणि सकाळी मेल्विना शाळेत जाई. मालवणातल्या डॉक्टरांनी आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या. गोव्यातल्या एका खासगी रुग्णालयातल्या पोटविकारतज्ज्ञांनी दुर्बिणीने जठर पाहिले. ते निर्दोष होते. सोनोग्राफीत पित्ताशयात थोडा गाळ दिसला, तेव्हा पित्ताशय काढून टाकण्यात आले. पुढच्या रविवारी जेवणात पेज होती म्हणून कळ आली नाही, आणि शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याचे पेढे वाटले गेले. टाके सुकल्यावरच्या पहिल्या रविवारी कळ परत आली. तळहातांच्या खाजेबद्दल मेल्विनाने त्या डॉक्टरांना दोनदा सांगितले होते. त्यांनी मनःस्वास्थ्याच्या गोळ्या लिहून दिल्या.

एका माणसाचा निरोगी की रोगी हे न ठरलेला अवयव काढून टाकायचा आणि त्रास थांबला नाही म्हणून त्याच्या मनाला दोष द्यायचा, याला वैद्यकशास्त्र म्हणता येत नाही. शस्त्रक्रियेच्या खोलीत ते घडले एवढ्यानेही त्याला शास्त्राचा दर्जा मिळत नाही.

पोकळी राहिली की तिथे कोणीतरी येऊन बसतेच. आमच्याकडे ब्रदर प्रिन्स आला. प्रिन्स धर्मगुरू नव्हे. तो पर्यटकांसाठी खोल्या भाड्याने देतो आणि संध्याकाळी घरोघर प्रार्थनामंडळ चालवतो. ब्रदर ही पदवी त्याची त्यानेच घेतली आहे. आमच्या चर्चचे पाद्री एस्पेरान्सला स्पष्ट म्हणाले होते की सुनेला दुसऱ्या डॉक्टरकडे न्या. परंतु पाद्रींपाशी शंका होती आणि प्रिन्सपाशी उत्तर.

"बाई, तुमी बघा," तो एस्पेरान्सला म्हणाला, आणि मेल्विना समोर बसलेली असताना तिच्याविषयी असे बोलला की जणू ती आत स्वयंपाकघरात आहे. "कळ कधी येता? देवाच्या वारी. देवमातेचा नाव घेतल्यार. कोरेज्मात कित्या येणा नाय? उपासान त्याचा बळ जाता. फेस्त इला की तो चवताळता."

"तो म्हणजे कोण?" मी विचारले.

"तियू, तुमका ठावक आसा कोण तो."

"माका नाय ठावक. म्हणान विचारतंय."

प्रिन्स हसला. मला न पटणे हाही त्याच्या लेखी पुरावाच होता.

त्याच्या सिद्धांतात एक गुण होता, तो मान्य करतो: त्याने निरीक्षणे टाकून दिली नव्हती. रविवार, संध्याकाळ, कोरेज्म, सण, ही चारही त्याने नोंदली होती. डॉक्टरांनी त्यांतले एकही विचारले नव्हते. संताच्या फेस्ताला, म्हणजे वार्षिक उत्सवाला, तर कळ ओळीने तीन-चार संध्याकाळी येई, आणि गेल्या फेस्ताच्या दिवशी मेल्विना जपमाळेच्या मध्येच आडवी झाली. तिची नाडी बोटांना जेमतेम लागत होती, ओठ पांढरे पडले होते. दवाखान्यात सलाइन लावून अशक्तपणा असे निदान झाले. प्रिन्सने निदान केले की आतला बाहेर पडायची वेळ जवळ आली.

यंदाच्या कोरेज्मात मात्र नियम मोडला. राखेच्या बुधवारी कोरेज्म लागल्यावर घरात मांस शिजले नाही, तरीही मेल्विनाला कळा येऊ लागल्या. रविवारी, मंगळवारी, शाळेत असताना, रात्री झोपेतून उठवणाऱ्या. गोव्याच्या डॉक्टरांना फोन केला तेव्हा त्यांनी कोरेज्मच्या तोंडावर लिहून दिलेल्या पाचक कॅप्सूल एकाऐवजी दोन घ्यायला सांगितले. कळा वाढल्या.

प्रिन्सने याचाही अर्थ लावला. आता तो उपवासालाही जुमानत नाही, तो म्हणाला; मेल्विनाचा विश्वास कच्चा आहे. घाटापलीकडे एक प्रार्थनागृह आहे, तिथे काही महिने राहावे लागेल, औषधे बंद, फोन बंद. रिया आजीपाशी राहील. ॲल्स्टनने जहाजावरून होकार दिला होता. एकच सवलत होती. ईस्टरच्या दुपारी मेल्विनाने घरच्यांच्या पंगतीत सणाचे सगळे जेवण जेवावे आणि संध्याकाळी तेर्साला गुडघे टेकावेत. कळ आली नाही तर देवाने सोडवले. आली तर सोमवारी सकाळी गाडी.

हे मला मेल्विनाने स्वतः सांगितले. ती माझ्या ओट्यावर बसली होती आणि रिया माडाच्या झावळीवर बसून दुसऱ्या झावळीने ती ओढायचा प्रयत्न करत होती.

"माका सैतान लागलो काय नाय, ता माका म्हायत नाय," ती म्हणाली. "पण मी गेलंय तर ह्या चेडू माका वळखूक विसरतला. सहा म्हयन्यांत पोरां विसरतत, तियू. माझ्या वर्गात मी बघतंय. दिवाळीची सुट्टी संपली की अर्ध्यांका माझा नाव आठवणा नाय."

"तू नको म्हण."

"नको म्हटलंय तर तो सैतानच बोलता." ती जराशी हसली. "प्रिन्सान सगळी दारां आधीच लावन घेतलेली आसत."

तिने पदराच्या गाठीतून कॅप्सूल काढली. जेवायची वेळ झाली होती आणि तिला घरी जाऊन लगेच पानावर बसायचे होते. पारदर्शक आवरण, आत तपकिरी बारीक दाणे. मी ती तिच्या हातातून घेतली. हे दाणे मी ओळखत होतो. आमच्या प्रयोगशाळेत त्यांची भुकटी निळ्या पिंपांतून येई आणि झाकण उघडले की सुक्या मांसाचा वास साऱ्या मजल्यावर पसरे. ती डुकराच्या स्वादुपिंडापासून बनते. कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे. तेही जनावरांच्या कातड्या-हाडांतून येते.

म्हणजे घरच्यांनी कोरेज्मात तिच्या ताटातून डुक्कर काढून घेतले होते आणि डॉक्टरांनी ते दिवसातून तीनदा, जेवणाबरोबर, परत वाढले होते. कळा वाढल्यावर वाढपही दुप्पट केले होते.

आता रविवार, संध्याकाळ, कोरेज्म आणि फेस्त या चारही निरीक्षणांना एकच गोष्ट पुरेशी होती. एस्पेरान्सच्या घरी आठवडाभर मासळी असते आणि रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर दुपारी डुकराचे मटण. फेस्ताला सोरपोतेल: डुकराचे मांस, काळीज आणि गुर्दे बारीक कापून सिरक्यात शिजवलेले, जे मुरत जाते आणि तीन-चार दिवस पुरते. कोरेज्मात यातले काही नाही. तेर्साचा गुन्हा एवढाच की ते दुपारच्या जेवणानंतर पाच-सहा तासांनी सुरू होई.

हे इतके उघड असूनही कोणाला का दिसले नाही, याचे उत्तर एस्पेरान्सने अनेकदा दिलेले होते: सगळ्यांनी एकाच टोपातले खाल्ले, मग हिलाच का? प्रश्न योग्य होता. चूक एवढीच की तो विचारून सगळे थांबत. शिवाय अन्न बाधायचे तर तासाभरात बाधावे, अशी सर्वांची समजूत. सहा तासांनंतरच्या दुखण्याचा ताटाशी संबंध कोणी लावत नाही.

"तुका अंगाक गाठी येतत?" मी विचारले. "खाजणाऱ्यो. चावल्यासारख्यो."

तिने आश्चर्याने माझ्याकडे पाहिले आणि घोट्यावरचे दोन लालसर गोल दाखवले. एक कमरेच्या नाडीखाली होता, तो गेल्या वर्षीपासून अधूनमधून फुलत होता.

"ह्यो गोचडींच्यो. काजीत गेल्यार लागतत. पायार बारीक मिरयेसारख्यो फिरतत, दिसूकसुद्धा नायत."

तिच्या वडिलांनी निवृत्तीनंतर दोडामार्गाला काजूची बाग घेतली. ते गेल्यावर मेल्विना दर हंगामात शनिवारी जाऊन आईला काजू वेचायला मदत करते. त्या भागात गोचिडीतून पसरणारा माकडताप आहे, आरोग्यखात्याची माणसे अंगाला लावायचे तेल देतात. तेल चिकट असते आणि बोंडांचा चीक त्यावर धरतो, म्हणून वेचणाऱ्या बायका ते घरीच ठेवतात. ती बागेत जाऊ लागली त्या पहिल्या हंगामानंतरच्या पावसाळ्यात पहिली कळ आली होती. हे मी तिला विचारले आणि तिने रियाच्या वयावरून हिशेब करून सांगितले.

कॅप्सूल मी परत दिली नाही. त्या दिवसापासून तिने त्या बंद केल्या आणि कळा थांबल्या. तिचे रक्त मालवणातल्या प्रयोगशाळेतून मुंबईला पाठवले. उत्तर यायला ईस्टर उलटणार होता. माझी शंका मी घरच्यांना सांगितली होती; गोव्याच्या डॉक्टरांनाही फोन करून सांगितली. त्यांनी सभ्यपणे ऐकले.

"हे परदेशात वर्णन झालेले आहे," ते म्हणाले. "आपल्याकडे असे रुग्ण नसतात."

"आपण किती जणांचे रक्त तपासलेत?"

"त्याची कधी गरज पडली नाही."

नसणे आणि न शोधणे या दोन निष्कर्षांत फरक आहे. तो ज्याला कळत नाही त्याच्या हातात शस्त्र कोणी दिले, हा प्रश्न मी त्यांना विचारला नाही. फोन त्यांनी ठेवला.

ईस्टरच्या दुपारी मी न बोलावता एस्पेरान्सच्या घरी जेवायला गेलो. प्रिन्स आधीच बसला होता, पांढऱ्या शर्टात. टेबलावर तांदळाच्या वाफवलेल्या सान्ना, भात, बांगड्याची आमटी, तळलेली सुरमई आणि मध्यभागी सोरपोतेलचे मातीचे भांडे. रियाने नवा फ्रॉक घातला होता आणि तिला कोणीही काही सांगितलेले नसावे, कारण ती एकटीच बोलत होती.

एस्पेरान्सने मेल्विनाच्या पानात सोरपोतेल वाढले. माझ्याकडे न पाहता वाढले.

"वयनी, ह्यां तिका वाढू नको," मी म्हणालो. "गेल्या फेस्ताक तिची नाडी गेलेली. ह्या खेपेक परत येतली म्हणान कोणी सांगूक शकणा नाय."

"बाप्तिस्त, सणाचा जेवाण आसा. वीख नाय."

"तिच्यासाठी वीखच."

प्रिन्सने सान्न मोडून तोंडात घातले. "तियूंचा म्हणणा असा, बाई, की आतमदी सैतान नाय. गोचीड आसा."

"होय," मी म्हणालो. "आणि गोचीड चिमट्यात धरून दाखवूक येता."

रिया खुदकन हसली. प्रिन्सला ते आवडले नाही.

"देवाची परीक्षा घेतत तुमी."

"परीक्षा तुमी लावलास. मी प्रश्नपत्रिका वाचतंय. एकाच दिवशी मटण आणि प्रार्थना, दोनव दितास. दुखला तर कशान दुखला, ता कसा कळतला?"

"आमका कळता."

"तुमका आधीच कळलेला आसता. म्हणान तर तुमी विचारनास नाय."

तेव्हा मेल्विना उठली. तिने आपले ताट उचलले, टेबलाला वळसा घालून प्रिन्सपुढे ठेवले आणि भिंतीच्या फडताळातून दुसरे, रिकामे ताट आणले. त्यात तिने स्वतः बांगडा आणि भात वाढून घेतला.

"ब्रदर, माझ्या वाटणीचा तुमी जेवा," ती म्हणाली. वर्गात बोलावे तशा, न चढवलेल्या आवाजात. "मी सांजचा तेर्साक बसतंय. पुरा. गुडघ्यार. सैतान आसलो तर तो आजव आसतलो. आजव आयतार, कोरेज्म संपला, फेस्त आसा. तुमच्या म्हणण्यापरमाणां माका दुखूकच व्हया. दुखला तर उद्या मी गाडीत बसतंय, कोणाक हात धरूची गरज नाय. दुखला नाय तर गाडी फिरवा, आणि माझ्या चेडवाचा नाव परत घेव नकात."

प्रिन्स एस्पेरान्सकडे पाहू लागला. एस्पेरान्सने सोरपोतेलचे भांडे जवळ ओढले. मग तिने त्यावर झाकण ठेवले.

"तिचा बरोबर आसा," ती म्हणाली. "जेवा."

पुष्कळ वर्षांनी मी त्या संध्याकाळी तेर्साला गेलो. मागच्या बाकड्यावर बसलो. मला प्रार्थनेत रस नव्हता. मला मेल्विनाच्या तळहातांत होता. पहिल्या दशकाला, म्हणजे माळेतल्या पहिल्या दहा प्रार्थनांना, तिने ते मांडीवर उलटे ठेवले होते. दुसऱ्याला माळ बोटांत होती. तिसऱ्याला प्रिन्सचा आवाज चढला, तो सैतानाचे नाव घेऊन त्याला जायला सांगू लागला, आणि मेल्विनाने शांतपणे, इतरांच्या अर्धी ओळ पुढे, पुढची प्रार्थना सुरू केली. खोलीतल्या बायका तिच्यामागोमाग म्हणू लागल्या. प्रिन्सला त्यांच्यात सामील व्हावे लागले. शेवटच्या लितानीच्या आळवणीपर्यंत तिने गुडघे उचलले नाहीत. तळहात खाजवले नाहीत. उठल्यावर तिने रियाच्या फ्रॉकची मागची गाठ बांधली आणि चहा ठेवायला गेली.

येथे गोष्ट संपली असती तर मला रागाचे कारण उरले नसते.

"प्रेझ द लॉर्ड," प्रिन्स म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर खरा आनंद होता. "प्रार्थना पावली. मी सांगलेलंय ना, आज तो जातलो. बाई, आता भिया नाय. पुढल्या आयतारा सुनेक मटण वाढा. खुशाल जेवूची."

मी उभा राहिलो. इतक्या वर्षांत मी त्या खोलीत आवाज चढवला नव्हता, तेव्हाही चढवला नाही. "तू आज हरलंस," मी त्याला म्हणालो. "हरान जिकल्याचा सांगतंस, ता सांग. तुझी सवय ती. पण त्या जिकण्यापायी तू तिका परत तांच वाढूक सांगतंस, जा तिका मारतला. तुका बरोबर ठरूचा आसा, आणि त्याचा मोल तिना मोजूचा. ह्याका प्रार्थना म्हणू नको."

प्रिन्स म्हणाला की तो माझ्यासाठीही प्रार्थना करील. मग तो एस्पेरान्सकडे वळला, कारण घर तिचे होते.

एस्पेरान्स देवघरातल्या मेणबत्त्या विझवत होती. शेवटची विझवून ती म्हणाली, "प्रिन्सा, गाडयेवाल्याक फोन कर. उद्या येव नको म्हण. आणि माझ्या घरात कोणी काय जेवचा, ता मी बघतंय."

सोमवारी मी गेलो तेव्हा ती परसात दोन टोप घासत होती. एकाच्या कानाला तिने तांबड्या सुताचा तुकडा बांधला होता. हा मेल्विनाचा, ती म्हणाली, ह्यात डुकराचा कधीच शिजूचा नाय. आणि राख घेऊन पुन्हा घासू लागली. तिला माझे म्हणणे पटले की नाही, हे मी विचारले नाही. मुंबईचा अहवाल नंतर आला. मालवणातल्या डॉक्टरांनी तो वाचला, ॲल्स्टनला फोनवर स्वतः समजावला आणि अचानक लागले तर असावे म्हणून टोचायचे औषध मेल्विनाच्या शाळेच्या पिशवीत ठेवायला दिले. गोव्याच्या डॉक्टरांना मी अहवालाची प्रत पाठवली. पोच आलेली नाही.

कारण पुढीलप्रमाणे. दोडामार्गाच्या काजूबागेत मेल्विनाला गोचीड चावत होती. गोचिडीच्या लाळेत अल्फा-गॅल नावाची एक शर्करा असते. चाव्यातून ती रक्तात गेली आणि मेल्विनाच्या शरीराने तिच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार केली. अहवालात ती भरपूर प्रमाणात आढळली. हीच शर्करा डुक्कर, बकरा, गाय अशा सस्तन प्राण्यांच्या मांसात असते, गुर्द्यांत सर्वाधिक. मासळीत आणि कोंबडीत ती नसते. मांसातली ही शर्करा चरबीबरोबर सावकाश रक्तात उतरते असे मानले जाते, म्हणून त्रास जेवल्यावर लगेच न होता काही तासांनी होतो. पुष्कळांच्या अंगावर गांधी उठतात. मेल्विनाच्या बाबतीत तळहातांची खाज सोडली तर सारा परिणाम आतड्यांवर झाला, आणि गुर्दे-काळजाच्या सोरपोतेलनंतर रक्तदाब घसरून ती बेशुद्धीच्या काठावर गेली. डुकराच्या स्वादुपिंडापासून केलेल्या कॅप्सूलनी तोच परिणाम कोरेज्मात घडवला. पित्ताशय निर्दोष होते. जपमाळेचा संबंध नव्हता.